पान वाचल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही

हे मी खुशीनं लिहीत नाही, आधीच सांगून ठेवतो. लिमये बाईंनी कागद-पेन माझ्या हातात दिलं आणि दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. "तात्या, लिहून होईपर्यंत मी उठणार नाही. आणि गिऱ्हाईकालाही आत सोडणार नाही!" बाई जन्मभर शाळेत होत्या. रिटायर झाल्या, पण खोड गेली नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. शुद्धलेखन बाई बघून घेतील. त्यांनीच ओढवून घेतलंय.

दुकानात रद्दी साठते तसे किस्से साठतात. फरक एवढाच, रद्दी वजनावर निघून जाते. किस्से कोणी उचलत नाही.

तर दुकान. रत्नागिरीत, राम आळीच्या मागच्या बोळात. पाटी होती, खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली. लोक 'तात्याचं दुकान' म्हणतात, मला तेवढं पुरतं. तरुणपणी मी मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या लाँचवर होतो, मग हातगाडीवर रद्दी घेत फिरलो. रद्दीत पुस्तकं यायची. ती फाडून पुड्या बांधायला जीव होईना, म्हणून हे दुकान झालं. पुढं नवी पुस्तकंही ठेवायला लागलो.

दुकानाचे नियम दोन. पहिला, पुस्तक घ्यायचं तर पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. मला वाचता येतं, पण बैलगाडीच्या चालीनं. माल माझा, मग आत काय आहे ते मला कळायला नको? दुसरा नियम, काही लोक एका पानावर थांबत नाहीत, रोज येऊन पुढचं पुढचं वाचतात आणि बाकीचे ऐकत बसतात. असं 'चालू' पुस्तक फळीवर आडवं ठेवायचं. आडवं पुस्तक विकायचं नाही. कलेक्टर आला तरी नाही!

गाळा भाऊ सावंतांचा. त्यांनी मला शब्द दिला होता, "मी आहे तोवर तू आहेस." ते रोज संध्याकाळी यायचे, स्टुलावर बसायचे, वाचायचे. गेल्या साली शिमग्यानंतर भाऊ गेले. त्यांचा मुलगा ठाण्याहून आला, दारातूनच म्हणाला, "बाबा गेले, शब्द संपला. गाळा खाली करा. इथं मोबाईलचं शोरूम होणार आहे." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण सगळ्यांच्या देखत पुढं म्हणाला, "रिकामटेकड्यांचा अड्डा आहे हा. माझ्या बाबांच्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही फुकट घालवल्यात."

मी म्हटलं, "गाळा तुझा आहे. जीभ पण तुझीच आहे. दोन्ही सांभाळ."

खाली काही केला नाही.

*

वेळणेश्वरला होमस्टे काढलेला एक गडी आला. गॉगल डोक्यावर. म्हणाला, "काका, पिवळ्या रंगाची पुस्तकं द्या. दोन फूट."

मी म्हटलं, "दोन फूट? परकराचं कापड घ्यायला आलास काय?"

"तसं नाही हो. पाहुण्यांच्या रूममध्ये एक शेल्फ आहे. भिंत पिवळी आहे ना, मॅचिंग पाहिजे."

"देतो की. प्रत्येकाचं एकेक पान वाच."

त्याचा चेहराच पिवळा पडला. कसंबसं एकाचं पान वाचलं, तेवढं एकच घेतलं आणि पळाला. मला वाटलं, गेली ब्याद.

पावसाळा सरल्यावर परत आला. गॉगल खिशात. म्हणाला, "काका, ते पुस्तक पाहुण्यानं पळवलं हो! माझं आणि बायकोचं शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. तेच द्या."

म्हटलं, "आहे, पण कव्हर हिरवं आहे."

"काळं असलं तरी द्या!"

*

जैबूनचाची मासळी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसते. आत येत नाही. म्हणते, "माझा वास तुझ्या पुस्तकांना लागंल." तिला अक्षर येत नाही. पण उंबऱ्यावर बसून तिनं जेवढी पहिली पानं ऐकलीत, तेवढी कॉलेजच्या प्राध्यापकानं ऐकली नसतील.

एकदा बँकेतले एक साहेब खुनाचं पुस्तक घ्यायला आले. पहिलं पान वाचलं. बायको मेलेली, नवरा गुपचूप जेवतोय. पुस्तक बगलेत मारून साहेब निघाले, तर चाचीनं पाटी आडवी घातली.

"खुनी कोण?"

"अहो, मी आत्ताच तर घेतलं! वाचून सांगतो ना."

"नवऱ्यानंच मारलानं. काय वाढलंय ते न बघता जेवणारा नवरा कायतरी करूनच आलेला असतो."

आठवडाभरानं साहेब मुद्दाम वाट वाकडी करून आले. चेहऱ्यावर विजय. "चाची, हरलात! नवरा नव्हे, डॉक्टर निघाला!"

चाचीनं डोकीवरचा पदरसुद्धा हलवला नाही.

"मग पुस्तक चुकीचं छापलंय," म्हणाली.

साहेब तेव्हापासून दर शनिवारी येतात. अजून एकदाही जिंकलेले नाहीत.

*

आता हल्लीची रीत बघा. तरणे लोक येतात, पुस्तक चाळतात, मोबाईलवर कव्हरचा फोटो काढतात आणि माझ्याच दुकानात, माझ्याच पंख्याखाली उभे राहून ऑनलाइन मागवतात! का, तर तिथं स्वस्त मिळतं.

असाच एक इंजिनिअर. फोटो काढला, बोटं चालवली, माझ्याकडं बघून हसलासुद्धा. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बाईंनी ते इथं लिहू दिलं नसतं.

चार दिवसांनी कुरियरवाला प्रथमेश आला. त्याला आमच्या भागातलं एकही घर धड सापडत नाही. कुठं माडाच्या मागं, कुठं घाटीच्या खाली. म्हणून या भागातली सगळी पार्सलं तो माझ्याकडं ठेवून जातो. माणसं येऊन घेऊन जातात. कोणाची औषधं, कोणाच्या चपला, कोणाच्या मुलीचा ड्रेस. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

संध्याकाळी इंजिनिअर आला. मान खाली. "काका, माझं पार्सल इथं..."

"हो, आलंय की. उघड."

"घरी जाऊन उघडतो ना."

"उघड. पहिलं पान वाच. मग ने."

"अहो, पण हे मी तुमच्याकडून घेतलेलं नाही!"

"दुकान कोणाचं?"

वाचलं लेकाच्यानं! आणि सांगतो, आवाज चांगला होता. चाचीनं दुसरं पानही वाचून घेतलं.

*

चिपळूणला पूर आला त्या साली तिकडचे एक आजोबा पोतं घेऊन आले. पोत्यात त्यांची सगळी पुस्तकं. चिखल गळत होता. मला म्हणाले, "रद्दीत घ्या. मला डोळ्यांसमोर नको आहेत."

मी म्हटलं, "आता रद्दी घेत नाही. बसा, चहा घ्या."

ते चहा पिईपर्यंत बोळ जमा झाला. समोरच्या इस्त्रीवाल्यानं कोळसा वाढवला आणि पान न् पान टिपकागदात धरून शेकायला घेतलं. लिमये बाईंनी घरातून पापडाची प्लास्टिकं आणली. जैबूनचाची निम्मी पुस्तकं पाटीत घालून घेऊन गेली. कुठं नेली म्हणून बघायला गेलो, तर मिरकरवाड्यात बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांवर ओळीनं उलटी लटकवलेली! एक बोंबील, एक पुस्तक. एक बोंबील, एक पुस्तक.

वाळली मात्र कडकडीत. आजोबांना परत दिली. त्यांनी एक पुस्तक नाकाला लावलं, डोळे मिटले. मग म्हणाले, "नदीचा वास गेला. बस झालं."

पुढं त्यांचा फोन आला. "तात्या, सगळं उत्तम आहे. फक्त एक. मी वाचायला बसलो की गल्लीतली सगळी मांजरं मांडीवर येतात."

*

पालीच्या एका मुलीनं घरी सांगितलं, मुलगा बघायचा तर तात्याच्या दुकानात. पोहे-बिहे काही नाही. मला विचारलं का? नाही. मी आपला फळ्या पुसत होतो.

मुलगा आला. शिकलेला, नोकरी बरी, भांग सरळ. मुलीनं त्याला एक पुस्तक दिलं. "पहिलं पान वाचा."

त्यानं जे सुरू केलं, ते पॅसेंजरला साइडिंगला टाकून धडाडत जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या मालगाडीसारखं. श्वास नाही, थांबा नाही. मध्ये मुलगी म्हणाली, "जरा थांबा, हे परत वाचाल?" थांबला नाही. मध्ये चाची हसली. त्यानं वर बघितलं नाही. पान संपवलं आणि घड्याळ बघितलं.

मुलगी वडिलांना म्हणाली, "नको. हा वाचताना ऐकणाऱ्याकडं बघतच नाही. पुढं चाळीस वर्षं काय बघणार?"

वडील माझ्यावर डाफरले! जसा काय मीच त्याला वाचायला शिकवलं होतं.

पण तो मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला. एकटाच. म्हणाला, "तात्या, कसं वाचायचं?" पाच-सहा महिने यायचा. लिमये बाईंनी त्याला अक्षरशः घाम फोडला. शिकला. मग सगळ्यांना वाटलं, आता जाईल पालीला, विचारील परत. आम्ही चहासुद्धा सांगून ठेवला होता.

त्याचं लग्न झालं लांज्याच्या मुलीशी. तिनं त्याला पान वगैरे काही विचारलं नाही. चाची अजून त्याच्यावर रागावलेली आहे.

*

आता शेवटचा किस्सा. हाच लिहून घ्यायला बाई दारात बसल्यात, मला काय कळत नाही?

भाऊ सावंत वाचायचे ते पुस्तक रद्दीतलं. जाड. कव्हर नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. एक गलबत समुद्रात अडकलंय, खलाशी उलटलेत, आणि कप्तानाला त्याच्या सख्ख्या भावानंच डोलकाठीला बांधलंय. भाऊ सावंत रोज चार-पाच पानं वाचायचे. शेवटची पानं शाबूत आहेत की फाटलीत, ते कोणी बघायचं नाही असा त्यांचा दंडक. आम्ही पाळला. अजून कोणी बघितलेलं नाही.

गणपती होऊन गेल्यावर भाऊंचा मुलगा आला. बरोबर शोरूमवाल्याचा माणूस, हातात मापाची टेप. मला काही न विचारता टेपवाल्यानं एका कोपऱ्यात टोक लावलं आणि मागं मागं सरकायला लागला. मुलगा म्हणाला, "तुम्ही काढत नाही ना? मीच काढतो." आणि फळीवरची पुस्तकं उतरवायला लागला. इस्त्रीवाला आला, बँकेतले साहेब आले, बाई होत्याच. मी स्टुलावरून उठलो नाही. उठलो असतो तर हात उठला असता.

उतरवता उतरवता त्यानं एका आडव्या पुस्तकाला हात घातला.

मी म्हटलं, "ते सोड. ते चालू आहे."

"चालू म्हणजे?"

"अर्धं वाचून झालंय."

"कोणाचं?"

"तुझ्या बापाचं."

त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं पुस्तक उघडलं. आत एसटीचं तिकीट होतं. भाऊ खूण म्हणून घालायचे ते. ते तिकीट तो बघत राहिला. उलटून बघितलं. सुलटून बघितलं.

उंबऱ्यावरून चाची म्हणाली, "बाला, वाच की. शिमग्यापासून त्या कप्तानाला बांधून ठेवलाय. दुसऱ्या कोणाला मी वाचू दिलं नाय."

तो उभ्यानंच वाचायला लागला. इंग्रजी शाळेतला मुलगा, जोडाक्षराला अडखळायचा. बाई सवयीनं दुरुस्त करायला गेल्या, तर चाची ओरडली, "बाई, गप ऱ्हावा! तिकडं मानूस मरतोय!"

दुसऱ्या पानाला तो स्टुलावर बसला. म्हणजे मी उठलो होतो म्हणून बसला. मी कशाला उठलो, मला माहीत नाही. टेपवाला टेपचं टोक धरून भिंतीला टेकून उभा. मध्येच म्हणाला, "साहेब, कप्तानाचा भाऊ दोरी कापतो का?"

"गप रे," मुलगा म्हणाला.

दिवा लावायची वेळ झाली तेव्हा तो थांबला. तिकीट नव्या पानात घातलं. पुस्तक बंद केलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि फळीवर ठेवलं. आडवं. मग उतरवलेली पुस्तकंही परत लावली. उलटसुलट लावली, ती गोष्ट वेगळी. टेपवाल्याला म्हणाला, "चल." गाळ्याबद्दल अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी ठाण्याहून आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. येतो, वाचतो, जातो. कप्तान अजून सुटलेला नाही.

वाचू दे. पण 'रिकामटेकड्यांचा अड्डा' म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, माफीही सगळ्यांच्या देखत मागायची. गलबत किनाऱ्याला लागो नाही तर बुडो, माझी माफी बाकी आहे, आणि ज्याच्याकडं बाकी आहे त्याचं नाव मी इथं पूर्ण लिहून ठेवतो, बाईंनी खोडलं तरी परत लिहीन: निखिल भाऊ सावंत.