नाचाची धून, संथ लयीत

बायको गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी टिन व्हिसल वाजवायला शिकू लागलो. टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची, सहा भोकांची, फूटभर लांबीची साधी शिट्टी. सनईसारखी समोर धरायची आणि हलकेच फुंकायची. जोरात फुंकली तर किंचाळते.

बायको ज्या हॉस्पिटलात नर्स होती तिथे एक आयरिश फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. दोघींची चांगली मैत्री. एका नाताळात त्या दोह्यातल्या, फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आल्या आणि जेवणानंतर पर्समधून ही शिट्टी काढून त्यांनी एक धून वाजवली. बायको केकची ताटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती उभ्याउभ्या पाय आपटू लागली, मग ताटली ओट्यावर ठेवून चक्क नाचली. "अहो, बसलात काय? उठा की!" मी फोनवर रेकॉर्ड करत होतो.

तिच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, म्हणजे वर्षदिनाच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, लोक घरी येतील, रोझरीची जपमाळ होईल, तेव्हा ती धून मी वाजवायची असं मी ठरवलं. तेवढं एकच मला त्या वर्षात करावंसं वाटलं. बाकीचं सगळं करावं लागत होतं.

मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे सुरुवात पुस्तकांपासून झाली. आयरिश संगीतावर मिळालं ते वाचलं, स्वरलिपीचे कागद छापून घेतले आणि एका शनिवारी अल खोरला बाईंकडे गेलो. त्यांचे यजमान तिकडे नोकरीला, म्हणून घर तिकडेच. तो लांबचा सरळ रस्ता, दोन्हीकडे पांढरं पडलेलं ऊन, आणि गाडीत शेजारची रिकामी सीट. पोचेपर्यंतच मी दमून गेलो.

बाईंनी कागद घेतले, त्यांची नीट घडी केली आणि टीपॉयवर ठेवून दिले. आम्ही इंग्रजीत बोलायचो. इथे मराठीत लिहितो आहे.

"हे नंतर. आधी कान."

त्या दोन-तीन स्वरांचा तुकडा वाजवायच्या, मी तो परत वाजवायचा. चुकलो तर काही न बोलता पुन्हा तोच तुकडा. मी सवयीने मनात दादरा धरला, कारण सहा मात्रा तर होत्या. त्यांनी लगेच ओळखलं. "तुमच्या मात्रा सगळ्या एका मापाच्या आहेत. पहिलीवर जरा रेंगाळा, दुसरी निसटू द्या." मी बासरीवाल्यांसारखी एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घ्यायला लागलो की त्या हसून मान हलवायच्या. "सुंदर आहे. पण हे तुमच्याकडचं."

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. धून वाजवली की ती कोणाकडून घेतली ते सांगायचं. ही त्यांनी मामाकडून घेतली होती आणि मामाने गावातल्या एका गवंड्याकडून. धुनेचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं: बाईंकडून, बाईंच्या मामांकडून, त्या गवंड्याकडून. म्हणताना माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला.

"कान दुखतोय का?" बाईंनी विचारलं.

आमच्याकडे थोरांचं नाव घेताना गवई कानाला हात लावतात, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "मामाला आवडलं असतं. अर्थात त्याने चेष्टाही केली असती."

पुढे त्या लांबलचक सुट्टीवर आयर्लंडला गेल्या. मी घरी त्या नाताळच्या रेकॉर्डिंगवरून शिकू लागलो. धून फार जलद, म्हणून फोनवर ती निम्म्या वेगाने लावायची. रोज संध्याकाळी शाळेतून येऊन, कपडेही न बदलता, खिडक्या बंद करून, एसीच्या घरघरीत मी तेवढंच ऐकायचो आणि तेवढंच वाजवायचो. आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक चाचा राहतात, व्यापारी माणूस. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले.

"काय मास्तर, कुकरच्या शिट्ट्या मोजतोय मी. डाळ शिजली की नाही?"

"शिजेल, चाचा."

"इन्शाल्ला. आमचे दात पडायच्या आत."

पुढे पुढे त्यांची थट्टा थांबली. एकदा ते म्हणाले, "आता बरं वाजवता हो. पण मास्तर, मगरिबच्या नमाजाच्या वक्ताला रोज कोणाचं तरी मयत उचलल्यासारखं वाटतं. माझी बीबी तर काल रडली."

मला ते ऐकून समाधान वाटलं. आम्ही वसईचे. आमच्या गावात लग्नाला आणि मयताला एकच ब्रास बँड असे. तीच माणसं, तेच कर्णे, फक्त चाल संथ केली की मयत. त्यामुळे संथ वाजवलं की दुःखाचं झालं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. आपण धून बरोबर तिच्या जागी आणली असंच मला वाटत होतं.

बाई परत आल्या तेव्हा वर्षाचा दिवस जवळ आला होता. मी त्यांना पूर्ण धून वाजवून दाखवली. त्या खाली बघत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"छान आहे. ही कोणाकडून घेतलीत?"

मला वाटलं त्या गंमत करताहेत. "तुमच्याकडून."

त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. या वेळी त्या बोटाने गुडघ्यावर ताल धरू पाहत होत्या आणि तो जमत नव्हता. मग बोट थांबलं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "ही मामाची जिग आहे. नाचाची. तुमची बायको हिच्यावर नाचली होती."

मी त्यांना बँडचं सांगितलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं, हसल्या नाहीत. "आमच्याकडे शोकाच्या धुना वेगळ्या असतात. त्या गाण्यांवरून येतात, आणि गाण्याचे शब्द ठाऊक नसताना त्या वाजवू नयेत असं आमची जुनी माणसं म्हणतात. तुम्हाला तसली हवी असेल तर आधी शब्द शिकवते. वेळ लागेल."

"नको. मला हीच हवी आहे."

"मग ती आहे तशी घ्या. हळू चालेल, पण पाय उचलला पाहिजे."

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग कितीतरी महिन्यांनी पूर्ण वेगाने लावलं. त्यात मध्येच बायकोचा आवाज आहे. निम्म्या वेगात मी तो इतके दिवस ऐकत आलो होतो. लांबलेला, तुटक तुटक, हुंदक्यांसारखा. मला तो हुंदकाच वाटू लागला होता. तो हसण्याचा होता. ती नाचता नाचता दम लागून हसत होती.

मग वेग वाढवायचा प्रयत्न केला. बोटं मागे राहायची, श्वास पुरायचा नाही. धुनेच्या दोन भागांपैकी दुसरा कसाबसा चालीवर आला. पहिला काही केल्या येईना. तिथे पोचलो की धून पुन्हा रांगायला लागायची. मी बाईंना फोन करून सांगितलं की मला जमणार नाही.

"दुसरा येतो ना? मग पहिल्याला शिट्टी मांडीवर ठेवायची आणि ऐकायचं. आमच्याकडे बैठकीत असंच करतात. येत नाही तिथे न वाजवणं हीदेखील रीतच."

इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्सा शुक्रवारी झाली. चर्चमधून लोक घरी आले, रोझरी झाली, चहा फिरला. चाचा आणि त्यांची बीबीही खाली आले होते. मी उभा राहून एवढंच सांगितलं की ही धून नाचाची आहे, बायकोला आवडली होती, आणि ती मी कोणाकोणाकडून घेतली.

मी खाली बसलो आणि बाईंनी पहिला भाग सुरू केला. बायकोची एक मावशी मुंबईहून आली होती, ती शेजारणीच्या कानात पुरेशा मोठ्याने म्हणाली, "आजच्या दिवशी हे लग्नातलं काय गो?" दुसऱ्या भागाला मी शिट्टी उचलली आणि बाईंच्या बरोबर निघालो. पहिला भाग परत आला तेव्हा ती मांडीवर ठेवली. धून तीनदा घोळवायची असते. दुसऱ्या फेरीतही मला माझा भाग धरता आला.

तिसऱ्या फेरीत मध्येच माझा श्वास संपला. मी थांबलो. बाई माझ्यासाठी थांबल्या नाहीत, वेगही कमी केला नाही. मी सोडलेल्या जागेवरून धून तशीच पुढे गेली आणि मी बसून ती शेवटपर्यंत ऐकली.