वाकड्या शिंगाचा बैल

अकोल्याच्या एका संग्रहालयातल्या मास्तरांनी माझ्या मुलाला फसवलं. बाजारात मला फसवायला आलेले पुष्कळ भेटले, त्यांना मी तिथल्या तिथे पाहून घेतलं. पण पाठ थोपटून फसवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि कारभार नागपुरातून चालायचा. मी अंजनगावच्या बाजारात डोक्यावर संत्र्यांचं टोपलं घेऊन धंदा सुरू केला होता आणि आता अमरावतीजवळ माझा स्वतःचा मळा होता. पोळ्याच्या आधी आम्ही बायकोच्या माहेरी अकोल्याला गेलो होतो. तिथे कारागिरीचं संग्रहालय होतं आणि त्या दिवशी मुलांना लाकडी बैल रंगवायला शिकवणार होते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैलाला दोरी बांधून घरोघर मिरवतात. आत शिरतानाच मास्तर म्हणाले, "जो रंगवील, बैल त्याचा." एवढा साधा सौदा. मी घासाघीससुद्धा केली नाही.

बाकीच्या पोरांनी सोनेरी, गुलाबी बैल केले. शिंगं वेगळी दिली होती, ती डिंकाने चिकटवायची होती. माझ्या मुलाने एक शिंग वर लावलं आणि दुसरं खाली, डोळ्यावर वाकवून. आमच्या मोटेच्या बैलाचं शिंग तसंच होतं. औंदा तान्ह्या पोळ्यात आमचाच बैल येणार, असं तो गल्लीतल्या पोरांना आधीच सांगून बसला होता.

मुलाने हे सांगितल्यावर मास्तर तर खूश झाले. "काय निरीक्षण आहे! हा आमच्या कपाटात राहील. मुलाचं भाग्य समजा."

"मास्तर, पोळा होऊ द्या. मग मी स्वतः आणून देतो," मी म्हणालो.

"कपाटात गेलेली वस्तू बाहेर निघत नाही."

मी बाजारातला सगळ्यांत मोठा लाकडी बैल बदल्यात देऊ केला. ओळखीच्या वकिलाचं नाव घेतलं. आवाजही चढवला. ज्या आवाजाने दलाल गप्प बसतात, तो ऐकून मास्तरांनी "पाणी घेता का?" एवढंच विचारलं. तोवर कपाटाला कुलूप लागलं होतं. किल्ली म्हणे संग्रहालयाच्या साहेबांकडे आणि साहेब नागपूरला. आमच्या वऱ्हाडच्या बहुतेक किल्ल्या तेव्हा तिकडेच असत.

म्हणजे ज्यांनी वाईट रंगवले, ते आपापले बैल घेऊन घरी गेले. माझ्या मुलाने चांगला केला, म्हणून त्याचे हात रिकामे.

गाडीत बायको म्हणाली, "गाडीभर संत्र्याचा भाव पाडता तुमी, अन् एक लाकडाचा बैल सुटला नाई तुमच्यानं."

मुलगा मधूनमधून विचारत होता, "बा, त्यानं काहून ठेवला माहा बैल? देतो म्हणला होता ना?"

तान्ह्या पोळ्याला मी नवा, घुंगरांचा बैल आणला. त्याने दोरीला हात लावला नाही. "हा आपला नाई," म्हणाला आणि दिवसभर मळ्यात खऱ्या बैलापाशी बसून राहिला.

दिवाळीत पुन्हा अकोल्याला जाणं झालं. म्हटलं, निदान कपाटातला बैल तरी त्याला दाखवू. आपली वस्तू थोरामोठ्यांत बसली आहे, हे पाहून तरी पोराचा राग जाईल. कपाटापाशी मी त्याला उचलून धरलं. तो काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला.

"बा, हाही आपला नाई."

मी पाहिलं. रंग त्याचाच होता, पाठीवरचा पांढरा ठिपकाही त्याचाच. पण शिंगं दोन्ही सरळ, एकसारखी वर. मास्तर म्हणाले, "ते जरा बेढब दिसत होतं. पाहुणे येतात."

ज्या शिंगासाठी बैल ठेवून घेतला, तेच त्यांनी सरळ केलं. मास्तर आज कुठे आहेत मला ठाऊक नाही. पण ते शिंग कुणी सरळ केलं आणि कुणाला विचारून केलं, हे त्यांनी माझ्या मुलासमोर येऊन सांगावं. मला सांगून चालणार नाही.