कार्ड तिकडे चाललं

हे मी घरातही कधी बोललो नाही. परवा झेरॉक्सच्या दुकानात गरम लॅमिनेशनचा वास आला आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं ते सुरक्षा कार्ड डोळ्यांपुढे आलं. तेव्हा मी वणीत बांधकाम मजुरांना प्रशिक्षण द्यायचो. कळंबकडच्या तांड्यावरचा एक गवंडी दुबईला निघाला होता. उंचावर दोन हुकांचा पट्टा कसा वापरायचा, एक हुक सोडण्याआधी दुसरा कसा अडकवायचा, तेवढं शिकवायचं राहिलं होतं. पट्टा कुलपात होता आणि मला यवतमाळची एसटी गाठायची होती. इथलं कार्ड तिकडे कोण मानतं, ते पुन्हा शिकवतीलच, असं म्हणून मी सही ठोकली. वर्षभराने तो कुबडी टेकत माझ्या दारात उभा. "सर, तिकडच्या सायबानं तुमचं कार्ड पाह्यलं अन् पह्यल्याच दिवशी वर चढवलं ना मले!" तो कौतुकाने म्हणाला. "एक हुक सोडला, दुसरा लावलाच नाई, अन् आलो खाली. तुमी तं शिकवलं असन, मीच इसरलो." मी मान डोलावली. होय, डोलावली. तू विसरला नव्हतास, मी शिकवलंच नव्हतं, एवढं सांगायचं देणं मी त्याचं अजून लागतो.