एका टाचणीवरच्या दोन चिठ्ठ्या

आमचे हे संग्रहालयात कीटकांच्या विभागात मदतनीस होते. मेलेला किडा टाचणीला लावायचा आणि त्याखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि जिवंतपणीचा रंग. वर्षं गेली की रंग उतरतो, म्हणून तो किडा जिवंत असतानाच लिहायचा, असा तिथला नियम. आणि ह्यांना लाल रंग दिसत नव्हता.

मला ते लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं. पिकलेले टोमॅटो आणा म्हटलं, तर किलोभर हिरवेगार घेऊन आले. मी पोट धरून हसले, पण त्यांचा चेहरा बघून गप्प झाले. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल, एवढंच म्हणाले. तेव्हापासून किड्यांच्या बाटल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. मी भाजी चिरता चिरता रंग सांगायचे, ते लिहायचे. शेंदरी, विटकरी, तांबूस. माहेरी मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढत असे. एकोणतीस वर्षं असं चाललं, कुणाला पत्ता लागला नाही.

मग माझी बहीण दोन दिवस राहायला आली आणि हे मिठाची गुळणी धरून बसले. तिच्याशी चार शब्द बोलतील तर शपथ. ती गेल्यावर मी अबोला धरला. माझा राग म्हणजे नाकावरच असतो, आणि उतरायला आठवडा लागतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाटली पुढे ठेवली. "अगं, हिचा रंग काय? दिसते मुंगीसारखी, पण कंबर मुंगीची वाटत नाही."

मी मानही वर केली नाही. "काळी आहे. मुंगीच ती."

त्यांनी स्वतःची शंका बाजूला ठेवली आणि मोजायला म्हणून तिला चिमटीत धरलं. खुर्ची मागे पडली तेव्हा मी पाहिलं. पाठीवर मखमलीसारखी लालभडक लव होती. ती मुंगी नव्हती, गांधीलमाशीच्या जातीतली मादी होती. तिला पंख नसतात, उडून जाता येत नाही, म्हणून ती लाल अंगाने सगळ्यांना बजावते की हात लावू नका. पाखरांनासुद्धा ते कळतं. ह्यांना ते माझ्याकडून कळायचं होतं.

डंखाने हात कोपरापर्यंत सुजला. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पण खरं सांगायला जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने चिठ्ठीवर 'काळी' लिहिलं.

आठवड्याने साहेबांनी विचारलं, लाल माशीवर काळी कसं? हात सुजला होता, चूक झाली, म्हणाले असते तर भागलं असतं. पण हे उत्तर द्यायला एक दिवसाची मुदत मागून घरी आले. मी सगळं कबूल केलं, रंग सांगताना त्या माशीकडे पाहिलंच नव्हतं म्हणून सांगितलं.

"बाकीचे पाहिले होतेस ना?"

"सगळे," मी म्हणाले. मला रडू आवरेना. एकोणतीस वर्षांच्या कामावर मी माझ्या हाताने पाणी ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना आपण होऊन सगळं सांगितलं. एका चुकीपायी बाकीच्या चिठ्ठ्या खोट्या ठरण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. नोकरी गेली नाही, पण चिठ्ठ्यांचं काम गेलं. शेवटची दोन वर्षं ते दाराशी बसून लोकांच्या पिशव्या ठेवून घेत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी एकदा तिथे गेले. साहेबांनी स्वतः खण उघडून दाखवला. माशीचा लाल रंग विटून मातकट झाला होता. तिथे जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत, दुरुस्ती तिच्याखाली लावतात. वर डाव्या हाताचं वेडंवाकडं 'काळी' होतं. खालची चिठ्ठी त्यांनी हट्टाने स्वतः लिहिली होती, साहेब म्हणाले.

"लाल. रंग पत्नीने पाहिला."