गोमतीबाईच्या गालावरची पेन्सिल

शेलूबाजारात हुस्नाबानोला लहानथोर सगळे चाचीच म्हणतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचा, निजामुद्दीनचा, फोटो स्टुडिओ होता. निजामुद्दीन जाऊन अकरा वर्षं झाली. कॅमेऱ्यामागे नेहमी तोच उभा राहायचा. पण फोटो गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी हुस्नाबानोच्या हाताखालून जायचा. टोकदार पेन्सिलीनं ती निगेटिव्हवर काम करी. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हवर फिकट ठिपक्यासारखा दिसतो. तो ठिपका पेन्सिलीनं अलगद भरला की छापलेल्या फोटोत गाल नितळ येतो. कुणाला रंगीत फोटो हवा असला तर काडीला कापूस गुंडाळून ती ओठ, साडी, बांगड्या रंगवी. घरात तिची बोली हिंदी, गिऱ्हाइकांशी मात्र पक्की वऱ्हाडी.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली गोमती नावाची मुलगी बापाबरोबर फोटो काढायला आली. स्थळाकडे पाठवायचा फोटो होता. तोंडभर देवीचे व्रण. ती हुस्नाबानोजवळ सरकून हळूच म्हणाली, "चाची, हे डाग येऊ नका देऊ."

हुस्नाबानोनं दोन दिवस त्या एकाच निगेटिव्हवर घालवले. फोटो इतका चांगला उतरला, की निजामुद्दीननं गोमतीच्या बापाला विचारून त्याची एक मोठी प्रत अकोल्याच्या कलाप्रदर्शनाला पाठवली. ती परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: छायाचित्र हे यंत्राचं काम, कलाकृती नव्हे. पुढच्या वर्षी हुस्नाबानोनं तोच फोटो रंगवला, हिरवी साडी, लाल काठ, आणि नवऱ्याला म्हणाली, आता पाठवून बघा. या वेळी तो चित्रांच्या विभागात लागला. प्रशस्तिपत्रक आलं, नाव निजामुद्दीनचं.

"काम तेरा, नाम मेरा," तो म्हणाला. "ऐसा कागद मैं दीवार पे नहीं लगाता." त्यानं तो कागद पेटीत टाकला.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका कलासंग्रहालयातून उज्ज्वला नावाची बाई आली. गावोगावच्या जुन्या स्टुडिओंचे फोटो संग्रहालयासाठी जमवणं हे तिचं काम. हुस्नाबानोची नात इफ्रा हिनं फळीवरचे खोके काढून दिले. उज्ज्वला तीन दिवस निगेटिव्ह उजेडाला धरून पाहत होती. शेवटी तिनं चाळीस निवडल्या. त्यांत गोमतीही होती; तिचा रंगवलेला फोटोही त्याच खोक्यात निघाला.

"तवा अकोल्यात फोटोले नाई म्हणत होते," हुस्नाबानोनं विचारलं. "आता काहून मांगून राह्यले?"

उज्ज्वलानं सरळ सांगितलं. पूर्वी संग्रहालयांत फोटो यायचे ते नोंद म्हणून, इमारतींचे, मूर्तींचे. चित्रं भिंतीवर, फोटो कपाटात. मग काही फोटोवाल्यांनी चित्रांसारखे धूसर फोटो काढायला घेतले, निदान तसे तरी आत घेतील म्हणून. पुढे परदेशातल्या काही संग्रहालयांनी फोटोंचे स्वतंत्र विभाग उघडले. आपल्याकडे हे फार उशिरा झालं.

"म्हंजे चित्रावानी दिसला तं आत, फोटोवानी दिसला तं बाहेर," हुस्नाबानो म्हणाली. "आमचंबी तसंच झालं."

अडचण पुढे आली. उज्ज्वलाला गोमतीचा मूळ चेहरा हवा होता. पेन्सिल टर्पेंटाइननं पुसता येते, हे तिला ठाऊक होतं. "आमची माणसं जपून पुसतील, चाची. निगेटिव्हवर ओरखडासुद्धा येणार नाही. खरा चेहरा दिसेल."

"नाई," हुस्नाबानो म्हणाली. "तिनं मले सांगतलं होतं, डाग येऊ नका देऊ. मी हो म्हणली होती."

"पण आता चाळीस वर्षं झाली."

"मंग तिलेच इचारू."

गोमतीबाई धनजला लेकीकडे राहत होत्या. हुस्नाबानो आणि उज्ज्वला जीपनं तिथे गेल्या. गोमतीबाईंनी चष्मा पुसून उज्ज्वलानं आणलेला फोटो हातात घेतला.

"ह्याच फोटोवर माहं लगन जमलं," त्या म्हणाल्या. "मांडवात मालकानं मले पाह्यलं अन् हासले. म्हणे, फोटोवाल्यानं लबाडी केली."

"मंग?" हुस्नाबानोनं विचारलं. इतक्या वर्षांत हे तिच्या कानावर आलं नव्हतं.

"मंग काई नाई. अडतीस वर्षं संगं राह्यलो. हा फोटो त्याईच्या पाकिटात होता, मरेपर्यंत. मले रोज पायत होते, तरी हाच जपला." गोमतीबाईंनी फोटो उज्ज्वलाच्या हातात दिला. "डाग कोणाले पाह्यचे असन तं मी हावो ना अठी. ह्याले नका पुसू."

उज्ज्वलानं पुन्हा आग्रह धरला नाही. परतीच्या वाटेवर तिनं वही काढली आणि प्रदर्शनात फोटोखालच्या पाटीवर काय लिहायचं ते विचारलं. शेलूबाजारला उतरताना हुस्नाबानो म्हणाली, "फोटो आमच्या मालकाचा लिवा. पेन्सिल अन् रंग माहे."

फेब्रुवारीत प्रदर्शन लागलं. इफ्रानं आजीला मुंबईला नेलं. पांढऱ्या भिंतीवर गोमतीचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते, काळापांढरा आणि रंगवलेला. पाटीवर दोन नावं. खालच्या ओळीत पेन्सिलीचं कामही लिहिलेलं होतं. लोक थांबत, वाचत, पुढे जात. कुणी तिला ओळखलं नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. तिनं जवळ जाऊन रंगीत फोटो न्याहाळला. खालच्या ओठाचा रंग एका बाजूला किंचित बाहेर गेला होता. चाळीस वर्षांत तिच्या हे लक्षात आलं नव्हतं. तिनं बोट पुढे केलं, तसा पहारेकरी म्हणाला, "हात लावू नका, आजी."

"नाई लावत," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

महिन्याभरानं संग्रहालयाचं पत्र आलं. उरलेल्या निगेटिव्हही त्यांना हव्या होत्या. हुस्नाबानोनं इफ्राकडून उत्तर लिहून घेतलं: तीन खोके पाठवते, बाकीचे इथेच राहतील. केनवडहून, मंगरूळहून लोक अजून येतात, आजा-आजीचा फोटो आहे का म्हणून विचारतात. त्यांना मुंबईला जा कसं सांगणार?