डॉक्टरकाकांचा शाईबा

डॉक्टरकाका कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी नमस्कार करायचे. प्रिंटर असो, घरातला बॉयलर असो, नाहीतर कौन्सिलच्या कार पार्कमधलं तिकिटाचं मशीन असो. दोन बोटं आधी यंत्राला, मग कपाळाला, आणि तोंडाने पुटपुटणं, "शाईबा, सांभाळ रे." आम्ही कॉव्हेंट्रीत नवीन होतो तेव्हा मंडळाच्या गणपतीत ऐन आरतीला स्पीकर बंद पडला, तिथे मी त्यांना पहिल्यांदा असं करताना पाहिलं. स्पीकर काही सुरू झाला नाही. मी विचारलं, "काका, हे कुठलं दैवत?"

"घाटावरचं," ते गंभीरपणे म्हणाले.

मी पुण्याचा. खंडोबा, म्हसोबा, वेताळबा ऐकून होतो. शाईबाही असेल कुठेतरी, असं धरून चाललो. माझ्या बायकोने, प्राचीने, काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या सासरी तरी नाही बाई. यांच्या मित्रांमध्ये आहे." त्याने आम्ही आणखीच गोंधळलो, कारण काकांचे मित्र सगळे इंग्रज.

खरी गोष्ट हळूहळू कळली, आणि दर वेळी थोडी वेगळी कळली. काका भुलीचे डॉक्टर. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हा लग्न झालेलं असूनही एकटेच होते. काकू मागाहून यायच्या होत्या. लॅबमधल्या ॲलन नावाच्या टेक्निशियनने त्यांना एका संध्याकाळी एका पबच्या वरच्या खोलीत नेलं. तिथे विज्ञानकथांचं वेड असलेली माणसं जमायची आणि स्वतःचं मासिक सायक्लोस्टाइलवर छापून टपालाने देशभर पाठवायची. तिथे खऱ्या नावाने कुणीच वावरत नसे. काकांचं नाव पडलं 'डॉक ऑर्बिट'.

"विचित्र नाही वाटलं?" मी विचारलं.

"अरे, हॉस्पिटलात माझ्या पुरुषोत्तमचं कापून पॉल केलं होतं. यांनी निदान नवं कोरं दिलं. कापलेल्यापेक्षा नवं बरं."

शाईबाचा जन्म त्याच खोलीतला. सायक्लोस्टाइल मशीन पानं बरबटून टाकायचं. काकांनी सहज सांगितलं, की आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांचीसुद्धा पूजा होते. मंडळी म्हणाली, मग याच्या देवाचं नाव काय? काकांच्या हाताला शाई लागलेली होती. शाईला त्यांनी 'बा' जोडला. पुढच्या अंकात शाईबाला तीन डोळे आले, त्याच्या भक्तांना कागद संपला की उपास आला. मँचेस्टरच्या गटाने लगेच स्टेपलरची एक देवी काढली, आणि दोन्ही मासिकांतून धर्मयुद्ध जुंपलं.

"खरंच भांडायचात?"

"अर्धं खरं," काका म्हणाले. "कुठलं अर्धं, ते ठरवायचं राहून गेलं."

हे सांगताना ते हसत नसत. त्यामुळे आपण हसायचं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मग एकदा आमची ईरा आयपॅड घेऊन आली. ती इथेच जन्मलेली. "बाबा, शाईबा आपली देव आहे का?" कुणा हौशी माणसाने इंटरनेटवर जुन्या विज्ञानकथा-मंडळांचा कोश केला होता. त्यात लिहिलं होतं, की शाईबा हे महाराष्ट्रातल्या लेखनिकांचं प्राचीन दैवत. मला इतकं हसू आलं, की मी तसाच काकांकडे गेलो आणि त्यांना ते वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"लेखनिकांचं होय," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मी हसणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मंदार, देऊळ कुठे आहे रे? एकदा जाऊन यायला हवं. नवस राहिलाय माझा."

ही थट्टा असेल, तर ती नेहमीच्याच चेहऱ्याने चालली होती. काकूंनी मला चहाच्या निमित्ताने किचनमध्ये बोलावलं. "हल्ली असंच चाललंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मेमरी क्लिनिकला जाऊन आलो. पण हे नवसाचं मलाही कळत नाही. रोज सकाळी उठून विचारतात, नारळ आणला का."

विचारायला एक ॲलनच उरला होता. तो आला, काकूंसमोर बसला, आणि पहिल्यांदाच थोडा अवघडला. काकू इथे आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने हॉस्पिटलात होत्या. तेव्हा एका संध्याकाळी काका पबच्या खोलीत आले आणि मशीनसमोर हात जोडून उभे राहिले. ती घरी आली तर नारळ वाहीन, असं त्यांनी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या आठवड्यात गावात नारळ मिळाला नाही. पुढे काकू बऱ्या झाल्या, आणि ती गोष्ट मागे पडली.

"आम्ही हसत होतो," ॲलन म्हणाला. "तो हसत नव्हता. त्याच्या बाबतीत आम्हाला कधीच नक्की कळलं नाही."

"मला कधी बोलले नाहीत," एवढंच काकू म्हणाल्या. मग त्यांनी ॲलनला विचारलं, "ते मशीन अजून आहे?"

मशीन ॲलनच्या गॅरेजमध्ये होतं.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्या कोशातली चूक दुरुस्त करायची म्हणून मी दोनदा लॉग इन केलं, आणि काय लिहावं ते न कळून दोन्ही वेळा परत आलो. शाईबा काकांनी बनवला, हे खरं. पण काकांनी इतकं मनापासून दुसऱ्या कुठल्या देवाकडे काही मागितलेलं आम्हाला माहीत नाही.

काका असताना, ॲलनच्या गॅरेजमध्ये नवस फेडायला गेलो त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. रंगाचे डबे आणि जुनी सायकल बाजूला सारून ॲलनने मशीनवरची चादर काढली. काकूंनी हळदकुंकू आणलं होतं. कुंकवाचं बोट मशीनपाशी नेऊन त्या थांबल्या. मला वाटलं, त्या मागे फिरतील. मग त्यांनी बोट टेकवलं. मी उंबऱ्याच्या दगडावर नारळ वाढवला. काका मशीनकडे परक्यासारखे बघत होते. ते ओळखीचं वाटल्याची एकही खूण त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

"ही पूजा कशाबद्दल?" त्यांनी काकूंना विचारलं.

"अहो, मी बरी होऊन घरी आले ना, म्हणून."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, अगदी पायापासून डोक्यापर्यंत, डॉक्टर पेशंटला बघतो तसं. मग त्यांच्या खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी सारखी केली.

"कधी आलीस?"

"आत्ताच," काकू म्हणाल्या.