देशकरकाकूंची साक्ष

देशकरकाकू वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या मुलांची सहल निघाली, की परवानगीचा फॉर्म आम्ही पालक गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही करून टाकायचो. काकू शाळेच्या गेटपाशी उभ्या असत. विचारायच्या, "मागचं पान वाचलंस का गं?" मागे पान आहे, हे आम्हाला तेव्हा कळायचं.

त्या नागपूरच्या. सव्वीस वर्षं तिथे गणित शिकवलं आणि नवरा गेल्यावर मुलाकडे ॲरिझोनात आल्या. ग्रीन कार्ड मिळालं तशा घराजवळच्या चार्टर शाळेत रुजू झाल्या. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा. तिथे शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणूनच काकूंना वर्ग मिळाला. माझी अन्वी सहावीत त्यांच्याकडे होती. अपूर्णांक म्हटलं की रडणारी ही मुलगी दिवाळीपर्यंत जेवताना आम्हालाच गणितं घालू लागली. काकू असं काय करतात, विचारलं तर म्हणाली, "शी वेट्स, आई. बाकीचे टीचर्स वेट नाही करत."

त्याच हिवाळ्यात राज्याचा कायदा बदलण्यासाठी एक विधेयक आलं. चार्टर शाळांतल्या शिक्षकांनाही प्रमाणपत्र सक्तीचं करायचं होतं. प्रिन्सिपलनी पालकांना बोलावून सांगितलं, हे पास झालं तर मिसेस देशकर जातील. मी पेटलेच. पालकांची पत्रं गोळा केली, ऑफिसला सुट्टी टाकली आणि विधिमंडळाच्या समितीपुढच्या सुनावणीला काकूंना घेऊन राजधानीत, फिनिक्सला ड्राइव्ह केलं. वाटभर त्या विधेयकाची प्रिंट वाचत होत्या.

"काकू, दोनच मिनिटं मिळतात. तुमचा अनुभव तेवढा सांगा," मी म्हटलं.

"तेच सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

माइकसमोर त्या साडीवर स्वेटर घालून उभ्या राहिल्या आणि सावकाश इंग्रजीत बोलल्या. "माझ्याकडे तुमच्या राज्याचं प्रमाणपत्र नाही. हा कायदा झाला तर माझा वर्ग जाऊ शकतो. तरी मी त्याच्या बाजूने आहे. माझ्या शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवायला आलेल्या माणसाला विज्ञान येत नव्हतं. अर्धं वर्ष तो होता. पालकांना ते कळलंच नाही. मी बरी निघाले, हे त्यांचं नशीब. पण शाळा नशिबावर चालू नये. आम्हाला परीक्षा द्यायला वेळ तेवढा द्या."

सुनावणीला आलेले प्रिन्सिपल खाली बघत बसले होते. पुढे माझं नाव पुकारलं गेलं. मी पत्रांची फाइल मांडीवर धरून तशीच बसून राहिले.

परतताना गाडी हायवेला लागली. मग काकूंनीच विचारलं, "रागावलीस?"

"हो. आम्ही सगळं तुमच्यासाठी करत होतो."

"माहिती आहे मला. पण तू माझं बघत होतीस. मला त्या शेजारच्या वर्गातली पोरं दिसून राहिली होती."

विधेयक समितीतच अडकलं. प्रिन्सिपल महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले, पण गणिताला दुसरं कोणी मिळेना, म्हणून काकू राहिल्या. आणि त्याच उन्हाळ्यात, कोणी मागितलं नसताना, त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला.

"कायदा तर झाला नाही, मग कशाला?" मी विचारलं.

"एवढ्या लोकांसमोर बोलून आले ना मी."

गणितात त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या, पण इथे शिक्षकांना राज्यघटनेचाही पेपर असतो, त्यात नापास. स्वतःवरच खूप हसल्या आणि पुन्हा बसल्या. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या.

पुढच्याच वर्षी मुलाला मिशिगनमध्ये ॲन आर्बरला नोकरी लागली आणि काकू त्याच्याबरोबर गेल्या. त्यांच्या जागी एक तरुण शिक्षक आला, अन्वीचं गणितही त्याच्याकडेच गेलं. पालकांच्या पहिल्या भेटीत मी त्याला सरळ विचारलं, तुमचं शिक्षण काय, प्रमाणपत्र आहे का? अन्वीने लाजून तोंड फिरवलं.

तो मात्र गडबडला नाही. गणिताची पदवी आहे, प्रमाणपत्र अजून नाही, डिसेंबरमध्ये परीक्षा देतोय, म्हणाला. मग टेबलाच्या खणातून त्या परीक्षेच्या तयारीचं एक जाडजूड पुस्तक काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं. "मिसेस देशकर माझ्यासाठी ठेवून गेल्या."

मी ते उघडलं. राज्यघटनेच्या धड्यावर काकूंच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती, "हा दोनदा वाच. मी एकदाच वाचला होता."